मध्येच थांबणारा ड्रायर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मराठवाड्यात ड्रायर वर्षातले सात-आठ महिने जुन्या चादरीखाली झाकलेला असतो. उन्हाळ्यात दोरीवर टाकलेली साडी तासाभरात कडक वाळते, तेव्हा त्याची आठवण कुणाला येणार? झड लागली की चादर निघते, आणि नेमकं तेव्हाच यंत्र मध्येच थांबायला लागतं. यंदा या एकाच तक्रारीची पत्रं जास्त आली, म्हणून हे पान त्यांनाच दिलं आहे.

प्रश्न : मुलींच्या वसतिगृहात गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ७ किलोचा ड्रायर आहे. गरम हवा पाइपने खिडकीबाहेर जाते. १५-२० मिनिटं चालतो आणि ड्रम थांबतो, पॅनलवरचा दिवा मात्र चालू राहतो. अर्ध्या तासाने बटण दाबलं की पुन्हा चालतो. इलेक्ट्रिशियन म्हणतात, थर्मोस्टॅट गेलाय, तो 'डायरेक्ट' करून देतो, म्हणजे मधून काढून तारा थेट जोडतो. करू द्यावं का? (लातूर)

अजिबात नको. जो भाग अर्ध्या तासाने आपला आपण जागेवर येतो, तो 'गेलेला' नसतो. तो आपलं काम चोख करतोय.

ड्रायरमध्ये उष्णतेवर लक्ष ठेवणारे भाग एकाहून जास्त असतात आणि प्रत्येकाची थांबवण्याची तऱ्हा वेगळी. हीटरजवळचा थर्मोस्टॅट किंवा कट-आउट उघडला तर फक्त हीटर बंद होतो, ड्रम गार हवेत फिरत राहतो. थर्मल फ्यूज एकदाच उडतो, मग तो बदलल्याशिवाय सुटका नाही. तिसरा असतो मोटरच्या वायंडिंगमध्ये, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीत, बसवलेला ओव्हरलोड. मोटर प्रमाणाबाहेर तापली की तो उघडतो आणि गार झाली की पुन्हा जुळतो. तुमच्याकडे ड्रम थांबतो, दिवा राहतो आणि अर्ध्या तासाने सगळं ठीक होतं. ही सगळी लक्षणं या तिसऱ्याची आहेत. खात्री करायची असेल तर इलेक्ट्रिशियनला सांगा : यंत्र थांबल्याबरोबर प्लग काढून मोटरच्या वायंडिंगचा रेझिस्टन्स मोजा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. पहिल्या वेळी सर्किट तुटलेलं आणि दुसऱ्या वेळी दोन आकडी ओहम दिसले, की थर्मोस्टॅट निर्दोष सुटला.

आता मोटर का तापते ते शोधायचं. बहुतेक वेळा कारण हवा हेच असतं. बऱ्याच घरगुती ड्रायरमध्ये ड्रम फिरवणारी आणि हवा ओढणारा पंखा फिरवणारी मोटर एकच असते. हवेची वाट तुंबली की आतली उष्णता बाहेर पडत नाही, यंत्राच्या पोटातली मोटर शेकून निघते आणि कपडे वाळायला लागणारा वेळही वाढतो.

पहिली चाचणी फुकटची आहे. मागचा पाइप काढा, खोलीची दारं-खिडक्या सताड उघडा आणि तेवढेच कपडे टाकून एक फेरी चालवा. ४० मिनिटं न थांबता चालला तर दोष यंत्रात नाही, पाइपात आहे. पाइप ४ इंची हवा, लांबी तीन मीटरच्या आत, वळणं दोनपेक्षा जास्त नकोत. खिडकी लांब आहे म्हणून १५ फूट पाइप ओढून यंत्रामागे त्याची घडी घातलेली असते, तिथेच श्वास कोंडतो. पाइपाच्या बाहेरच्या तोंडाला चिमण्या-पाली येऊ नयेत म्हणून बारीक जाळी बांधली असेल, तर ती आत्ता जाऊन पाहा. कपड्यांची लव तिच्यावर बसून पिंजलेल्या कापसासारखा थर तयार होतो. जाळी काढा आणि हवेच्या दाबाने उघडणारं झडपेचं तोंड बसवा. आठ महिने बंद असलेल्या पाइपात उंदराचं घरटंही निघतं, ही अतिशयोक्ती समजू नका.

पाइप काढूनही थांबला तर दाराजवळची लव अडवणारी जाळी घ्या. तुम्ही ती रोज झटकत असालच, पण झटकून भागत नाही. नळाखाली धरून तिच्यावर पाणी ओता. पाणी लगेच आरपार गेलं तर ठीक. तळ्यासारखं साचलं तर कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचा मेणचट थर तिच्यावर बसलाय. जाळी दिसायला स्वच्छ असते आणि हवा मात्र जात नाही. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासा, पूर्ण वाळवून बसवा. जाळी काढल्यावर खाली जी खाच दिसते तिच्यात टॉर्च मारा. तिथे साचलेली लव बाटली धुण्याच्या लांब ब्रशने ओढून घ्या, खाली ढकलू नका. खाली पंखा आहे.

तिसरं, प्लग काढून ड्रम हाताने फिरवा. तो एकसारखा, हलका फिरला पाहिजे. एका जागी अडखळत असेल किंवा कुरकुरत असेल तर ड्रमखालचे रोलर झिजलेत किंवा पट्टा ताणणाऱ्या पुलीचं बेअरिंग जाम झालंय. यात खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल सोडू नका. त्यावर लव चिकटून महिन्याभरात आधीपेक्षा घट्ट जाम होतं. रोलर जोडीनेच बदलतात.

चौथं, थांबण्याआधीचा किंवा पुन्हा चालू करतानाचा आवाज. मोटर नुसती घुं घुं करते आणि ड्रमला हाताने ढकलल्यावर चालते, असं असेल तर मोटरला सुरुवातीचा जोर देणारा कपॅसिटर उतरलाय. (आपल्याकडे मेकॅनिक त्याला 'कंडेन्सर' म्हणतात. दुकानात सांगताना घोटाळा होतो, कारण वाफेचं पाणी करणाऱ्या ड्रायरमधल्या एका अख्ख्या भागाचं नाव कंडेन्सर आहे.) त्याच्यावर छापलेला आकडा आणि मीटरवरचा आकडा ताडून बघायचा. ८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ६ दाखवत असेल तर बदलायचा, आणि नवा त्याच आकड्याचा, निदान तेवढ्याच व्होल्टचा घ्यायचा. 'जरा मोठा टाकू, जोर वाढेल' हे ऐकू नका, वायंडिंग जळेल. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विजेचा भार राहतो, म्हणून हे काम जाणत्या हातानेच व्हावं.

दोन गोष्टी तुमच्या जागेबद्दल. ७ किलो हे कोरड्या कपड्यांचं वजन असतं. मोठा टर्किश टॉवेल कोरडा सुमारे अर्धा किलो भरतो, म्हणजे दहा-बारा टॉवेल झाले की बस. वसतिगृहात 'अजून दोन मावतात' म्हणत पंधरा कोंबले जातात. आणि पत्र्याची खोली : अनेक यंत्रांच्या माहितीपुस्तिकेत खोलीचं तापमान ५ ते ३५ अंश असावं असं दिलेलं असतं. पावसाने उघडीप दिली आणि पत्रा तापला, की आत शिरणारी हवाच चाळीशीच्या घरात असते. ड्रायर तळमजल्यावर हलवणं जमत नसेल तर उघडिपीच्या दिवशी तो सकाळी नऊच्या आत किंवा अंधार पडल्यावर चालवा. गच्चीवर उघडीप असताना ड्रायर लावायचाच कशाला, हा प्रश्न वेगळा.

प्रश्न : दिवसा ड्रायर व्यवस्थित चालतो. संध्याकाळी सात ते दहा या वेळात थांबतो, किंवा वेळ संपते आणि कपडे ओलेच निघतात. व्होल्टेज मोजलं तर १८० दाखवतं. घरी इन्व्हर्टर आहे, त्यावर चालेल का? (परभणी)

इन्व्हर्टरवर नाही चालणार. घरगुती इन्व्हर्टर साधारण ८५० ते १००० व्हीएचा (म्हणजे फार तर तेवढ्याच वॅटचा) असतो आणि ड्रायर एकटा २००० ते २५०० वॅट मागतो.

१८० व्होल्टला काय होतं ते आकड्यात बघा. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) प्रमाणात उतरते. २३० व्होल्टला २००० वॅट देणारा हीटर १८० ला सुमारे १२२५ वॅटच देतो. कपड्यांतलं एक लिटर पाणी उडवायला सिद्धांतानेच साधारण पाऊण युनिटच्या आसपास वीज लागते आणि ७ किलो कपड्यांत पिळून झाल्यावरही चार लिटर पाणी सहज असतं. जे काम दोन तासांत व्हायचं त्याला तीन तासांहून जास्त लागणार, आणि टायमरचे आकडे तर दोन तासांवरच संपतात. मोटरचा जोरही तसाच वर्गाने उतरतो. तोच ड्रम ओढायला ती जास्त करंट घेते, तापते, ओव्हरलोड उघडतो.

स्टॅबिलायझर घ्यायचा तर ५ केव्हीएचा, कमी व्होल्टेजकडे १५० पर्यंत झेलणारा. टीव्हीचा किंवा फ्रिजचा जोडू नका. त्याआधी एक साधी तपासणी : ड्रायर बंद असताना सॉकेटवर किती व्होल्ट आहेत आणि चालू केल्यावर किती? दहा-बारा व्होल्टहून जास्त पडत असतील तर दोष तुमच्याच वायरिंगमध्ये आहे आणि स्टॅबिलायझर घेऊनही तो तसाच राहील. ड्रायरला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र वायर हवी : तांब्याची, किमान २.५ चौरस मिलिमीटर, लांब असेल तर ४. सॉकेट १६ अँपियरचा, एक्स्टेंशन बोर्ड नाहीच. अर्धा तास चालवून प्लगला हात लावा. कोमट ठीक, हात ठेववत नाही इतका गरम असेल किंवा पिन काळी पडली असेल तर सॉकेट आजच बदला.

प्रश्न : फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून धुणं आणि वाळवणं एकाच यंत्रात होणारं मशीन घेतलं. धुणं बिनबोभाट होतं. वाळवताना तासाभराने थांबतं आणि चूक दाखवतं. कंपनीच्या माणसाने येऊन चालवून दाखवलं तेव्हा काहीच झालं नाही! (छत्रपती संभाजीनगर)

तो माणूस आला तेव्हा नळ चालू होता का, हे आठवून बघा.

धुऊन वाळवणाऱ्या बऱ्याच यंत्रांत ओली वाफ बाहेर सोडायला पाइप नसतो. ती वाफ आतच गार पाण्याची बारीक धार सोडून थंड करतात आणि तयार झालेलं पाणी ड्रेनमधून काढतात. म्हणजे वाळवतानाही यंत्राला नळाचं पाणी लागतं. ज्या शहरात पाणी काही दिवसांआड येतं तिथे धुणं झालं की लगेच तोटी बंद करायची सवय हाताला लागलेली असते. किंवा गच्चीवरची टाकी तेवढ्यात तळाला जाते. पाणी मिळालं नाही की वाफ तशीच कोंडते आणि यंत्र काही वेळ वाट पाहून थांबतं. माहितीपुस्तिकेत 'पाण्याने थंड होणारं' असं लिहिलंय का बघा. असेल तर वाळवणं संपेपर्यंत तोटी उघडी ठेवा आणि नळीच्या तोंडाची बारीक गाळणी काढून धुवा. टाकीतला गाळ आधी तिथेच अडकतो.

दुसरं कारणही तुमच्याकडे लागू असू शकतं. अशा यंत्राची धुण्याची आणि वाळवण्याची क्षमता वेगळी असते. ८ किलो धुणारं यंत्र बहुतेक वेळा ५ किलोच्या आसपासच वाळवतं. पूर्ण भरलेला ड्रम धुऊन तसाच वाळवायला सोडला की कपड्यांचा गोळा होतो आणि मधून हवाच फिरत नाही. धुऊन झाल्यावर तिसरा हिस्सा बाहेर काढा.

तुमच्या शेजाऱ्यांकडे पाण्याची टाकी ओढून रिकामी करायचा वेगळा ड्रायर असेल आणि टाकी रिकामी असूनही 'भरली' दाखवत असेल, तर त्याच्या तळाच्या खोबणीतला तरंगता खटका लवेने चिकटलेला असतो. यंत्र एका बाजूला कललं असलं तरी तेच होतं.

प्रश्न : नवा ड्रायर २५ मिनिटांतच 'झालं' म्हणून थांबतो. कपडे दमट. पाणी बोअरचं आहे. (नांदेड)

ड्रमच्या तोंडाशी, आतल्या बाजूला, स्टीलच्या दोन चकचकीत पट्ट्या दिसतील. ओला कपडा त्या दोन्हींना एकदम टेकला की त्यातून क्षीण करंट वाहतो आणि यंत्राला कळतं की अजून ओल आहे. बोअरच्या जड पाण्याचे क्षार आणि मऊ करणाऱ्या द्रवाचा थर पट्ट्यांवर बसला की करंट वाहत नाही, मग यंत्र समजतं कपडे वाळले. फडक्यावर पांढरं व्हिनेगर घेऊन पट्ट्या पुसा, मग साध्या ओल्या फडक्याने पुसा. स्टीलची घासणी वापरू नका. झडीच्या दिवसांत महिन्यातून एकदा हे करा.

दोन-तीनच कपडे टाकले तर ते पट्ट्यांना टेकतच नाहीत. तेव्हा टायमर लावा. जीनसोबत ओढणी टाकली तर ओढणी वाळल्यावरच यंत्र थांबण्याचा संभव असतो. जाड-पातळ वेगळे करा.

प्रश्न : सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा ड्रायर दोन मिनिटं फिरून थांबतो. झाकणावर हात दाबून धरला की फिरतो. (जालना)

आपण सगळेच त्याला ड्रायर म्हणतो, पण त्यात हीटर नसतो. तो नुसता मिनिटाला तेराशेच्या आसपास फेरे मारून पाणी झटकतो. म्हणून वरचं उष्णतेचं काहीच इथे लागू नाही.

हात दाबल्यावर फिरतो, यातच उत्तर आहे. झाकणाखाली एक दांडा असतो. झाकण बंद झालं की तो दोन कामं करतो : स्विच जोडतो आणि तारेने ब्रेक ओढून सोडवतो. बिजागरी ढिली झाली किंवा झाकणाचा प्लास्टिकचा ओठ झिजला, की दांडा पुरता दबत नाही. टबच्या कंपनाने झाकण किंचित उचललं जातं आणि स्विच सुटतो. झाकणावर दगड ठेवून काम चालवणारी घरं आहेत. तसं करू नका. बिजागरी किंवा झाकण बदला, तो फार खर्चिक भाग नाही.

तरीही थांबत असेल तर प्लग काढा, मागचं पत्र्याचं झाकण उघडा आणि वरचं झाकण बंद ठेवून खालची ब्रेकची चकती हाताने फिरवा. ब्रेकचा पकडणारा भाग तिला मुळीच घासता कामा नये, मधे दोन मिलिमीटरची तरी फट दिसली पाहिजे. घासत असेल तर तार सैल झालीय, ती पुढच्या भोकात अडकवून ताणा. मग वरचं झाकण उघडा. आता चकती घट्ट धरली गेली पाहिजे. नाही धरली तर तार जास्त ताणली गेलीय आणि झाकण उघडल्यावरही टब फिरत राहील. लहान मुलं हात घालतात, म्हणून ही उलट तपासणी चुकवू नका.

टब हाताला जड लागत असेल तर त्याच्याखाली हातरुमाल किंवा बाळाचा मोजा दांड्याला गुंडाळलेला असतो. सांडपाण्याची नळी जमिनीपेक्षा वर अडकवली असेल तर टबभोवती पाणी साचून राहतं आणि टब त्या पाण्यातच फिरतो. नळी पूर्ण खाली सोडा. एकटी सोलापुरी चादर टाकली की ती एका बाजूला बसते. ती गोल वळकटी करून टबच्या कडेने बसवा, वरून जाळीदार चकती दाबा.

मोटरवर पाण्याचे ओघळ किंवा गंज दिसला तर दांड्याभोवतीचं रबरी बेलो (पाणी अडवणारं आवरण) फाटलंय. ते बदलेपर्यंत मशीन वापरू नका. ओली मोटर आणि अर्थिंग नसलेला सॉकेट म्हणजे पत्र्याला हात लागताच शॉक.

प्रश्न : भाविकांसाठी लॉज आहे. ड्रायर चालू असताना वीज जाते, टॉवेल दोन-दोन तास आतच राहतात. परवा ते बाहेर काढले तेव्हा मधले टॉवेल पिवळट झाले होते आणि करपट वास येत होता. धुतलेलेच होते. (तुळजापूर)

यातला 'धुतलेलेच' हा शब्द फसवा आहे. देवीच्या पोताचं (मशालीचं) तेल, डोक्याचं तेल, स्वयंपाकघरातली फडकी : सुती कापडात मुरलेलं तेल साध्या धुण्याने पूर्ण जात नाही. काही तेलं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि त्यातून उष्णता निघते. जवस यात सगळ्यात पुढे, करडई मागोमाग, सोयाबीन मध्ये आणि खोबरेल बरंच मागे. गरम टॉवेलांचा ढीग तसाच पडला की ती उष्णता बाहेर जाऊ शकत नाही, तापमान वाढतं, संयोग आणखी वेगाने होतो. यंत्र बंद असताना, काही तासांनंतरही, ढीग आतून पेटू शकतो. ड्रायरच्या फेरीत शेवटची दहा मिनिटं हीटर बंद करून गार हवा फिरवतात, ती हे टाळायलाच. वीज गेल्याने तुमची तीच दहा मिनिटं हुकतात.

वीज गेली की लगेच दार उघडा, सगळे टॉवेल काढा आणि एकेक सुटा पसरा. टोपलीत ढीग करू नका. वीज आल्यावर इलेक्ट्रॉनिक पॅनलचं यंत्र बहुधा आपोआप सुरू होत नाही. ते चालू करताना आधी दहा मिनिटं गार हवेवर रिकामं चालवा.

तेलकट टॉवेल वेगळे ठेवा. ६० अंशांच्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकून तासभर भिजवा, मग धुवा. वाळवण्याआधी हुंगून बघा. तेलाचा वास राहिला असेल तर तो टॉवेल ड्रायरमध्ये घालायचाच नाही, दोरीवर. स्वयंपाकघरातली फडकी तर कायमची दोरीवर. पिवळे पडलेले टॉवेल पुन्हा यंत्रात घालू नका, आणि लव अडवणारी जाळी प्रत्येक फेरीनंतर साफ करा. तेल लागलेली लव कापसापेक्षा लवकर पेट घेते.

धूर दिसला तर दार उघडू नका, हवा मिळाली की भडका होतो. बोर्डावरून वीज तोडा, खोलीतल्या लोकांना बाहेर काढा, १०१ ला फोन करा. पावडरचं किंवा कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक ड्रायरच्या शेजारी नको, खोलीच्या दाराबाहेर टांगा.